गॅस उतरल्यावरची फेरी

खराडीला आमच्या ऑफिसात ऑपरेशनचे जे व्हिडिओ येतात, त्यांना नाव नसतं. पेशंटचं नसतं, डॉक्टरांचं नसतं, हॉस्पिटलचंही नसतं. वर एक लांबलचक क्रमांक आणि आत कुणाचं तरी पोट. दुर्बिणीने केलेली ही ऑपरेशनं पाहून आमचं सॉफ्टवेअर सर्जनच्या कौशल्याला गुण देतं, आणि ते गुण बरोबर आहेत का हे तपासणं माझं काम. हत्यार किती सफाईने फिरलं, किती हालचाली फुकट गेल्या, किती वेळ नुसता वाया गेला. दिवसभर पोटं बघून तुला जेवण कसं जातं, असं नातेवाईक विचारतात. पोटं बघून व्यवस्थित जातं. कॅन्टीनची भाजी बघून जात नाही, तो भाग वेगळा.

एका सकाळी असाच एक व्हिडिओ उघडला. पित्ताशय काढण्याचं साधं ऑपरेशन होतं, पण हत्याराचं टोक थरथरत होतं. पडद्यावर सगळं मोठं होऊन दिसतं, त्यामुळे थरथर लपत नाही. शिरेजवळ टोक आलं की ते जास्तच हलायचं, मग मागे जायचं, थांबायचं, पुन्हा पुढे यायचं. चूक एकही झाली नाही, पण बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागावा असं ते चाललं होतं. या गृहस्थांनी आता घरी बसावं, असं मी मनात म्हटलं.

पित्ताशय सुटलं, पिशवीत गेलं. तिथे व्हिडिओ संपायला हवा होता, पण संपला नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात गॅस भरून जागा केलेली असते. तो गॅस अर्धा उतरवला गेला, पोटाचं छत जरा खाली आलं आणि कॅमेरा काहीही न करता थांबून राहिला. बऱ्याच वेळाने तो हलला. आधी यकृताखाली गेला, मग यकृतावरून पलीकडे, मग जठराच्या कडेने खाली ओटीपोटापर्यंत, आणि तसाच परत. गावाला निघताना माणूस कुलूप लावण्याआधी घरभर एकदा फिरून येतो, तसा.

अशी फेरी मारणारा एकच सर्जन मला माहीत होता, आणि सकाळीच त्याने माझ्यासमोर बसून पोहे खाल्ले होते. मी व्हिडिओ मागे नेला आणि ती थरथर पुन्हा पाहिली, मग आणखी एकदा पाहिली. शेवटी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले.

बाबांची ही फेरी मी लहानपणापासून ऐकून होते. परदेशी माल यायला लागला, घरोघर रंगीत टीव्ही आणि केबल आली, त्या काळात बाबांनी कर्ज काढून दुर्बिणीच्या ऑपरेशनचा कॅमेरा घेतला. स्वतःचं हॉस्पिटल काढण्याची ऐपत नव्हती. म्हणून ते सगळा सरंजाम मारुतीत घालून या नर्सिंग होममधून त्या नर्सिंग होममध्ये जायचे. कर्वेनगरात सकाळी एक, वारज्याला दुपारी एक. हत्यारांच्या पेट्या डिकीत असत. कॅमेरा मात्र मागच्या सीटवर, उशीवर. गाडीत मी असले तर त्याला धरून बसायचं काम माझं. खड्डा आला की बाबा आधी विचारायचे, "कॅमेरा ठीक आहे ना?" मी ठीक आहे का हे विचारायची पद्धत आमच्या गाडीत नव्हती.

पुढच्या सीटवर काका असत. काका म्हणजे बाबांचे मित्र, भूल देणारे डॉक्टर. बाबांच्या जवळजवळ प्रत्येक ऑपरेशनला पेशंटच्या उशाशी तेच. त्या छोट्या नर्सिंग होममध्ये संध्याकाळनंतर डॉक्टर नसायचा. एखादी सिस्टर आणि एक वॉचमन, बस. ऑपरेशन आटोपून बाबा गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि मागे पेशंटच्या पोटात रक्त सुटलं, तर ते कळणार कुणाला? आणि गॅस भरलेला असताना बारीकशा शिरा दाबलेल्या राहतात. तेव्हा सगळं कोरडं दिसतं, दाब गेला की त्या वाहू लागतात. म्हणून बाबा गॅस उतरवून थांबायचे. दाब गेल्यावर पोट स्वतः काय सांगतं ते बघायचे, आणि मगच फेरी मारून बाहेर पडायचे. काका दर वेळी कंटाळून म्हणायचे, "काय डॉक्टर, बसची वाट बघताय का?" आणि बाबा दर वेळी म्हणायचे, "हो. तुम्हाला घाई असेल तर रिक्षाने जा."

हे कुठल्या पुस्तकात वाचून आलेलं नव्हतं. बाबांसारखी पेट्या घेऊन फिरणारी जी मंडळी होती, त्यांच्या भीतीतून ते आलं होतं. त्यातही बाबांची भीती जरा अधिक होती. आजोबा खडकीला कारखान्यात कामगार. त्यांनी तरुणपणी बौद्ध धम्म स्वीकारला, घरातले देव गेले आणि त्या जागी पुस्तकं आली. बाबा आमच्या घराण्यातले पहिले डॉक्टर. सुरुवातीला पेठांमधले पेशंट तपासून झाल्यावर सहज विचारायचे, "आडनाव काय म्हणालात आपण?" बाबा सांगायचे. मग समोरून एक लांब "अच्छा" यायचा. घरी आल्यावर बाबा आम्हाला सांगायचे, "त्यांचा तो अच्छा मी पित्ताशयाबरोबरच काढून टाकतो." आम्ही हसायचो. पण आपला एखादा पेशंट बिघडला तर लोक त्याचं कारण कुठे शोधतील, हे ते जाणून होते. त्यांना कुणाकडून सवलत नको होती. हात चांगला आहे, एवढंच त्यांना ऐकायचं असायचं, आणि पुढे तीस वर्षं ते त्यांनी सगळ्या गावाकडून म्हणवून घेतलं.

त्या दिवशी मी घरी आले तेव्हा बाबा चहा पीत होते, कप दोन्ही हातांत धरून. हे कधीपासून चाललं होतं? मी रोज समोर बसत होते आणि मला दिसलं नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "दोन्ही हातांनी पितात हल्ली. तीर्थ घेतल्यासारखं. फार भक्तिभाव आलाय." ती एरवीही अशीच बोलते, पण त्या दिवशी बोलून झाल्यावर ती आत गेली नाही, तिथेच उभी राहिली.

"बाबा, हाताला काय झालंय?" मी विचारलं.

"तुझ्या मशीनने सांगितलं की आईने?"

त्यांनी कप खाली ठेवला. बशीवर तो जरा वाजला.

मेंदूच्या डॉक्टरांकडे मी त्यांना ओढत नेलं. त्यांनी हात पुढे करायला लावले, कागदावर गोल काढायला लावला आणि सांगितलं की ही साधी थरथर आहे, कंपवात नव्हे. हळूहळू वाढेल, गोळीने थोडी कमी होईल, जिवाला धोका नाही. जिवाला धोका नाही! बाबांचा जीव कुठे असतो हे त्या भल्या माणसाला माहीत नव्हतं. बाबांनी त्यांचे आभार मानले, आणि गाडीत बसल्यावर फोन करून पुढच्या आठवड्यातल्या सगळ्या पेशंटना दुसऱ्या सर्जनची नावं दिली. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या हाताने एकही ऑपरेशन केलं नाही. कुणी त्यांना थांबवलं नव्हतं, ते आपणहून थांबले.

मग घरात जे सुरू झालं त्याचं वर्णन करवत नाही. बाबा पेपर वाचायचे, तोच पेपर दुपारी पुन्हा वाचायचे. शर्टाचं वरचं बटण लावताना पाठ फिरवायचे. काका यायचे आणि दोघं गॅलरीत बसून रस्ता बघायचे. दारावरची बेल वाजली की बाबा दचकून उठायचे, हॉस्पिटलातून कुणी बोलवायला आल्यासारखे. मी त्यांना फिरायला जा, व्याख्यानं द्या, विहारातल्या मुलांना शिकवा असं सुचवत राहिले. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं." तो "बरं" ऐकला की मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं.

अशातच, पेट्या घेऊन फिरणं सुटल्यावर बाबा ज्या मोठ्या हॉस्पिटलात जात, तिथे रोबो आला. पेशंटवर वाकलेले यंत्राचे चार हात, आणि सर्जन खोलीच्या कोपऱ्यात एका पेटीसमोर बसून, तिच्यातल्या पडद्याला डोळे लावून बोटं हलवणार. ती बोटं हलतील तशी पोटातली हत्यारं हलतात. आणि मधला संगणक बोटांची थरथर गाळून टाकतो, गाळणीत चहाची पूड अडावी तशी. बाबा ते बघून आले आणि आईला म्हणाले, "अगं, मी काय करायला जातोय एवढंच त्याला कळतं. हात कसा आहे ते कळतच नाही." इतक्या महिन्यांत त्यांचा आवाज मी असा ऐकला नव्हता. आईने त्या दिवशी शिरा केला आणि कशासाठी ते सांगितलं नाही.

साठी उलटलेला माणूस विद्यार्थ्यासारखा सरावाला बसला. सरावाच्या यंत्रावर खोट्या रिंगा खोट्या खुंट्यांवर चढवायच्या, खोट्या कातडीला टाके घालायचे. मान आखडली, डोळे लाल झाले, पण बाबा शिकले. मग खरी ऑपरेशनं सुरू झाली, शेजारी दुसरा सर्जन हात धुऊन तयार उभा असताना. काका उशाशी होतेच. पहिल्या ऑपरेशननंतर त्यांनी मला फोन केला. "अगं, तसाच," ते म्हणाले, "अगदी पहिल्यासारखा हात."

हॉस्पिटलचा नियम असा होता की नव्या माणसाची सुरुवातीची ऑपरेशनं झाली की सॉफ्टवेअरने दिलेल्या गुणांची सरासरी बघायची. रेषेच्या वर असेल त्याला यंत्र मिळणार, खाली असेल त्याला नाही. सॉफ्टवेअर आमचं होतं.

बाबांचे व्हिडिओ माझ्याकडे क्रमांक होऊन येत गेले. थरथर नावालाही नव्हती. टाके सुरेख. आणि गुण दर वेळी रेषेच्या जरासे खाली. का, ते मला पहिल्याच व्हिडिओला कळलं. गॅस उतरवून थांबलेला तो सगळा वेळ सॉफ्टवेअर "वाया गेलेला वेळ" म्हणून मोजत होतं, आणि फेरीतली कॅमेऱ्याची प्रत्येक हालचाल "अनावश्यक". ज्या व्हिडिओंवर ते शिकलं होतं, ते बाहेरच्या मोठमोठ्या हॉस्पिटलांतले होते. तिथे रात्री डॉक्टर असतात, काही झालं तर दहा माणसं धावतात. असं थांबून राहणारं तिथे कुणी नव्हतं, म्हणून थांबणं म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

मी मीटिंगमध्ये हा विषय काढला. आमचा टीम लीड हुशार मुलगा, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. तो म्हणाला, "मॅम, पॉइंट व्हॅलिड आहे, पण असं कोण करतं? एकच सर्जन दिसतोय. डेटामध्ये एकाला काय व्हॅल्यू? आउटलायर आहे तो."

"तो बरोबर करतोय," मी म्हटलं.

"असेल ना. पण मॉडेलला प्रूव्ह करून दाखवायला लागेल. नेक्स्ट रिलीजला बघू."

पुढच्या रिलीजपर्यंत, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघेपर्यंत, बाबांचा निकाल लागून गेला असता. मी तीन मीटिंगांत तेच बोलले, मेल लिहिले, सर्जन लोकांचे लेख शोधून जोडले. शेवटी तो वैतागून म्हणाला, "मॅम, तुम्ही एवढं पर्सनली का घेताय?" आणि माझा तोल गेला. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "कारण ते माझे वडील आहेत."

तो मुलगा ओशाळला, खरंच ओशाळला, पण नियम तो नियम. दुपारपर्यंत त्या हॉस्पिटलचे व्हिडिओ बघण्याची माझी परवानगी गेली. आणि मी जे जे खरं सांगितलं होतं ते आता लेकीची वकिली ठरलं. ज्या एकमेव ठिकाणी मी बाबांच्या उपयोगी पडू शकले असते, तिथे मीच कुलूप लावून घेतलं होतं. बसमध्ये मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती.

बाबांचं सुरुवातीच्या ऑपरेशनांपैकी एकच उरलं होतं. मी घरी गेले आणि जे बोलायचं नाही ते बोलले. "बाबा, या वेळी फेरी मारू नका. गॅस उतरवा आणि बाहेर पडा. एवढं एकदाच करा, सरासरी वर जाईल, यंत्र मिळू दे, मग आयुष्यभर हवं तितकं थांबा." त्यांनी वर पाहिलं. मी थांबले नाही. म्हटलं, हॉस्पिटल मोठं आहे, रात्री डॉक्टर असतात, सोनोग्राफी आहे, रक्त आहे, आता ती वारज्याची नर्सिंग होम नाहीत. दुसरं कुणीच करत नाही. मी हात जोडले. खरंच जोडले.

"म्हणजे मशीनला आवडावं म्हणून पेशंटकडे बघायचं नाही," बाबा म्हणाले. "छान शिकलीस. फी वसूल झाली." आणि ते उठून आत गेले. आई मला म्हणाली, "तू आता गप्प बस." माझ्या दृष्टीने संपलं होतं सगळं. ते फेरी मारणार, गुण खाली जाणार आणि बाबा पुन्हा तोच पेपर दोनदा वाचणार.

ऑपरेशन झालं. बाबा घरी आले, जेवले, काही बोलले नाहीत. मी विचारलं नाही. काकांचाही फोन आला नाही. पुढे दोन दिवस बाबा नेहमीपेक्षा जास्त वेळा हॉस्पिटलात गेले. घरी असले की दर थोड्या वेळाने वॉर्डात फोन लावायचे, नाडी विचारायचे, पोट मऊ आहे का विचारायचे. आधीच्या कुठल्या पेशंटसाठी मी त्यांना एवढे फोन करताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, शेवटचा पेशंट म्हणून असेल.

रविवारी सकाळी त्यांनी माझ्यासमोर पेन ड्राइव्ह ठेवला. "एक व्हिडिओ आहे. बघ आणि मत सांग."

ते तरुण सर्जनना शिकवत, अधूनमधून कुणाचे व्हिडिओ तपासायचे. मला बरं वाटलं. निदान ऑपरेशनबद्दल बोलतायत तरी. मी लॅपटॉप आणला. रोबोवरचंच ऑपरेशन होतं. मी मन लावून पाहिलं, ऑफिसात पाहते तसं. बाबा शेजारी बसून पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते. पित्ताशय पिशवीत गेलं, गॅस उतरला, कॅमेरा एकदा घाईने डावीकडे वळला, हत्यारं बाहेर आली, पडदा काळा झाला.

"हात चांगला आहे," मी म्हटलं. "सफाई आहे. कुणी तरुण असणार. आमचं सॉफ्टवेअर याला भरपूर गुण देईल."

"आणि?"

"आणि काय? निघायची घाई आहे त्याला. मागे काय ठेवलं ते बघितलं नाही. तुमच्याकडे चार दिवस शिकायला पाठवा."

बाबांनी पेन ड्राइव्ह काढून घेतला. एका हाताने निघेना, दुसऱ्याने धरावा लागला. "मीच आहे तो," ते म्हणाले.

आईच्या हातातलं काम थांबलं.

"बाई बरी आहे," बाबा म्हणाले. "काल घरी गेली. काही झालं नाही तिला. पण तिच्या पोटात काय होतं ते मला माहीत नव्हतं गं. दोन दिवस मला माहीत नव्हतं. गॅस उतरवला आणि मनात आलं, आता थांबलो तर गेलं सगळं. आणि मी थांबलो नाही. काकांनी बसचं विचारलंसुद्धा नाही या वेळी. नुसते बघत राहिले माझ्याकडे."

"माझ्यामुळे झालं हे," मी म्हटलं. "बाबा, पुढच्या वेळी थांबा. गुण येतील आता, पुढच्या वेळी हवं तेवढं थांबा."

"पुढच्या वेळीही गुण असतीलच. दर वर्षी बघणार आहेत." ते जरा वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. "हात थरथरत होता ना, तेव्हा मी थांबलो होतो. सहज थांबलो. आता हात चांगला आहे आणि मी..." मी विनवलं, चिडले, रडले. काकांना बोलावते म्हटलं. बाबांनी हॉस्पिटलला आपण येणार नाही असं कळवूनही टाकलं होतं.

दुपारी आईने मटार सोलायला काढले. बाबा स्वतःहून ताट घेऊन बसले. दाणे ताटाबाहेर उडत होते, फरशीवरून घरंगळत होते, आणि आम्ही दोघी ते दिसत नसल्यासारख्या बसलो होतो. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. चष्मा नव्हता म्हणून मला वाचायला सांगितलं. हॉस्पिटलचा निरोप होता. रविवार असूनही आपोआप आला असावा. मूल्यमापनात आपण पात्र ठरला आहात, यंत्र वापरण्याची परवानगी देण्यात येत आहे, अभिनंदन. मी तो मोठ्याने वाचला. अभिनंदनासकट वाचला.

"बरं," बाबा म्हणाले. "तो एक दाणा बघ, सोफ्याखाली गेलाय."

मी वाकून दाणा शोधायला लागले. आईने सोललेले मटार उचलून आत नेले. बाबांनी टरफलांचा ढीग पुढे ओढला आणि एकेक शेंग पुन्हा उघडून आत बघायला सुरुवात केली.